मुठीतल्या बांगड्या

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हैसूरच्या गोल्फच्या मैदानावर देशोदेशीच्या मुलींचे संघ उतरले होते आणि आपल्या संघातल्या तिघींपैकी एक माझी मुलगी होती. मला गोल्फमधलं एवढंच कळतं, की फटके जितके कमी तितकं चांगलं. दुसऱ्या दिवशी तिचे फटके संपता संपेनात. आपल्या घरामुळे देशाचं नाव जाणार, असं पुटपुटत मी झाडामागे जाऊन उभी राहिले.

तिथे ही बाई होती. कुणीही मुलगी चेंडूसमोर उभी राहिली, की ती आपल्या बांगड्या मुठीत घट्ट धरायची, किणकिण होऊ नये म्हणून. चेंडू उडाला की सोडायची. परदेशी मुलींसाठीसुद्धा तसंच.

माझं मराठी तिच्या कानावर गेलं असावं. "अय्यो, सुम्ने, उगाच कशाला रडता?" ती म्हणाली. "तिघींतल्या चांगल्या दोघींचेच फटके धरतात. आज तुमच्या मुलीचे सोडून देतील."

"तुम्हाला कसं माहीत?"

"काल माझ्या मुलीचे सोडले की. तुमच्या मुलीनं सावरलं, म्हणून रात्री आम्हाला जेवण गेलं. आज माझी सकाळीच चांगलं खेळून आली."

मी झाडामागून बाहेर आले. माझी मुलगी शेवटच्या फटक्यासाठी वाकली होती. माझा हात अजून थरथरत होता, तरी बांगड्या वाजेनात. खाली पाहिलं, तर त्या बाईनं स्वतःच्या सोडून माझ्या बांगड्या मुठीत धरल्या होत्या.