बावीस टाकाऊ नळ्या

"कासार तुम्हीच का?" संशोधन संस्थेच्या संचालकांनी दुकानात शिरता शिरता विचारलं.

साईनाथ कासारांनी मान हलवली. कसबा पेठेत चाळीस वर्षं ते प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या फुंकत होते. गिऱ्हाईक घाईत दिसलं की त्यांचे हात मुद्दाम सावकाश चालत.

रक्ताच्या एका थेंबावर तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग ओळखणारी चाचणी संस्थेत तयार झाली होती. तिच्यासाठी एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराला संस्थेनं संचालकांचंच नाव पाठवलं होतं. साईनाथरावांनी मात्र ती चाचणी प्रत्यक्ष घडवणाऱ्या, संस्थेतल्याच डॉ. नीरजा देवस्थळींचं नाव परस्पर पाठवून दिलं होतं.

"अहो, तुम्ही काच फुंकणारे. शास्त्रज्ञाचं नाव सुचवायची तुमची पात्रता काय?"

"काम जवळून पाहिलेल्या कोणीही सुचवावं, असं नियमात आहे. आपल्या वाचनात आलं नसेल."

"तुम्ही काय पाहिलंत?"

साईनाथरावांनी फळीवरचा खोका काढून समोर आदळला. आत त्या चाचणीसाठी फुंकलेल्या बावीस टाकाऊ नळ्या होत्या. प्रत्येकीला नीरजाबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: बाक जास्त झाला, रक्त अडकतंय, पुन्हा करू.

"तेविसावी जमली. तेवढ्यासाठी बाई चार वर्षं इथे येऊन ज्योतीसमोर घामाघूम उभ्या राहिल्या. आता त्यांच्या नावाचा अर्ज मी मागे घ्यावा म्हणून आलात?"

"आमच्या अर्जावर मोठ्या शास्त्रज्ञांच्या सह्या आहेत, कासार."

"असू देत. चाचणी आपली म्हणता, तिची नळी माझी. आणि आपण चार वर्षांत आज पहिल्यांदा आत येऊन विचारलंत, कासार तुम्हीच का!"