पंधरा किलो आणि एक लिंबू

दुपारचे दोन वाजलेत. साडेचारला गाडी येणार आहे, साताऱ्याहून थेट मुंबईच्या विमानतळावर नेणारी, आणि मुग्धाने फर्मान सोडलंय, "बाबा, तासभर आडवे व्हा. आणि ती बॅग आता पुन्हा तोलायची नाही!" मुग्धा माझी मुलगी. आवाज माझा घेतलाय, हुकूमशाही आईची. मी मुकाट्याने आडवा होतो.

पंखा फिरतोय आणि दर फेरीला एकदा कुरकुरतोय. पायाशी, जमिनीवर, माझी खाकी बॅग. पंधरा किलो, बरोब्बर. आम्ही जिथे चाललोय तिथे, झांबियात, लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आतवर, रस्ताच जात नाही. छोटं विमान गवतात उतरतं आणि त्यात माणशी पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. पस्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात कालवे मोजले. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सकाळपासून सात वेळा ती बॅग वजनकाट्याच्या आकड्याला टांगली, मग कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. देवाधर्माशी माझा फारसा संबंध नाही. जानव्याचा मला एवढाच उपयोग.

बॅगेत एक गोष्ट आहे जी मुग्धाला माहीत नाही. अगदी तळाशी, लोकरीच्या मोज्यात, एक लिंबू आहे. दृष्टीचं. कुमुद प्रत्येक प्रवासाला ठेवायची तसं, हळदीकुंकू लावून. आम्ही राहणार आहोत त्या जंगलातल्या छावणीवाल्यांच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की संत्री, मोसंबी, लिंबू असलं कुठलंही फळ आणू नका, हत्ती त्या वासावर तंबूपर्यंत येतात. ते पत्र मी चार वेळा वाचलं, खाली लाल रेघ मारली. पण दृष्टीचं लिंबू हे काय फळ असतं? ते कोण खातं? असं मी स्वतःला समजावलंय आणि आता डोळे मिटतोय.

पंखा कुरकुरतो. पुन्हा कुरकुरतो. मग कुरकुरायचा थांबतो, पण वारा येतोच आहे.

कुमुद पलंगाच्या कडेला बसली आहे. कुमुद, माझी बायको. तिला जाऊन वीस महिने झाले. जांभळी सुती साडी, केस अर्धे ओले. एक पाय तिने बॅगेवर ठेवलाय.

"अहो, उघडा ही."

"कुलूप लावलंय."

"दिसतंय मला. उघडा म्हणतेय."

"सात वेळा तोललीय. आता उघडली की वीस ग्रॅम इकडचं तिकडे होतं. तू आधी पाय काढ, वजन पडतंय."

"माझं?" ती हसते. हसताना तोंडावर पदर धरायची सवय अजून गेलेली नाही. मलाही हसू येतं आणि लगेच भीती वाटते, कारण मला माहीत आहे ती कशासाठी आली आहे. मी किल्लीवर हात ठेवतो.

"तुला कशाला पंचाईत?" मी म्हणतो. "तू त्या खोऱ्याचा नकाशा लावलास कपाटाच्या दाराला, बारा वर्षं त्यावर बोट फिरवलंस, आणि ऐन वेळी निघून गेलीस. आता सामान माझं आहे."

"सामान तुमचं. पोरगी माझीपण आहे," ती म्हणते आणि उठते. मी तिच्यामागे जातो.

दाराबाहेर आमचा व्हरांडा नाही. लस टोचतात तो लांबलचक हॉल आहे, हिरव्या ऑइलपेंटचा, आणि बाकावर माणसं हातात पिवळी पुस्तिका धरून बसली आहेत. खोऱ्यात जायचं म्हणजे पिवळ्या तापाची लस हवीच. मागच्या महिन्यात मी आणि मुग्धा इथेच बसलो होतो. खिडकीतली नर्स नावं पुकारते. "कुमुद खांडेकर!" मी दचकतो. कुमुद जागची हलत नाही.

"जा ना, तुझं नाव आलंय."

"मला आता कसला ताप येणार?" ती शांतपणे म्हणते. "येऊन गेला की."

बाकावरची माणसं माझ्याकडे पाहू लागतात. मला ओशाळल्यासारखं होतं. तापाचं नाव तिने काढायला नको होतं. नर्स पुन्हा पुकारते, "कुमुद खांडेकर! सोबत कोण आहे? सोबतच्या माणसाने बॅग उघडून दाखवा!" मी बॅग छातीशी धरतो आणि चालू लागतो. हॉल संपता संपत नाही, आणि पायाखालची फरशी हळूहळू गवत होते.

पिवळं, कमरेएवढं गवत. ऊन लख्ख आहे आणि सावल्या मात्र संध्याकाळच्या, लांब. छोटं विमान उभं आहे, त्याच्या पंखाखाली वैमानिक आमच्या घरचाच वजनकाटा घेऊन उभा. तो बॅग टांगतो. काटा पंधराच्या पुढे सरकतो आणि थरथरत थांबतो.

"पन्नास ग्रॅम जास्त," तो म्हणतो. चक्क मराठीत, आमच्या खात्यातल्या साहेबाच्या सुरात. "काय लपवलंय, खांडेकर?"

"काही नाही, साहेब."

"पन्नास ग्रॅमने विमान पडत नाही. पण मला खोटं बोललेलं चालत नाही."

कुमुद माझ्या बाजूला उभी आहे आणि काही बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला चारचौघांत कधी तोंडघशी पाडलं नाही, आताही पाडत नाही. याचा मला इतका राग येतो की डोळ्यांत पाणी येतं. मी बॅग हिसकावून घेतो, विमानाची पायरी चढतो, आणि आत तंबू आहे.

कापडी तंबू, दोन खाटा. एका खाटेवर मुग्धा झोपली आहे, लहानपणी झोपायची तशी, तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळतोय. छपराच्या कापडावर पंख्याची सावली फिरते आहे. पंखा कुठेच नाही. मी बॅग दोन खाटांच्या मध्ये ठेवतो. ठेवताक्षणी बाहेर वाळलेली पानं चुरचुरतात.

एकदा. मग थांबून पुन्हा एकदा, जवळ.

"आला," कुमुद म्हणते.

"वारा असेल."

"अहो, वाऱ्याला पोट असतं का?"

मग मलाही ऐकू येतं. खोल, जमिनीतून आल्यासारखी गुरगुर, रिकाम्या पाइपातून पाणी सोडल्यावर येते तशी. कापडापलीकडे करडी सावली सरकते. सावलीला अंतच नाही, ती सरकतच राहते. तंबूच्या खालच्या कडेशी कापड हलतं आणि सोंडेचं टोक आत येतं. ओलसर, गुलाबी, दोन बोटांसारखं. ते जमीन हुंगतं. माझी चप्पल हुंगतं. मग मुग्धाच्या लोंबकळणाऱ्या हातापाशी थांबतं आणि तिची बोटं एकेक करून हुंगतं.

मला ओरडायचं आहे, पण ओरडलो तर ती दचकून उठेल. मी गुडघ्यांवर बसतो आणि जानव्याची गाठ सोडू लागतो. माझी बोटं घामाने ओली आहेत आणि गाठ घट्ट बसली आहे.

"सुटत नाहीये, कुमुद."

"तुम्ही ओढताय. ओढल्यावर ती सुटेल का? ढिली करा."

"नाही सुटत! आणि सुटली तरी मी ते काढणार नाही!" मी दात खाऊन म्हणतो. "एकदा काढलं होतं ना? बदामीला जाताना, कराडच्या पुढे. आठवतंय? तुझं लिंबू बॅगेतून काढलं, चाकूने कापलं आणि सगळ्यांसमोर भज्यांवर पिळलं. वर म्हणालो, बघू या आता कुणाची नजर लागते ते. तू हसलीस. पण तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मी बघितलं होतं. घरी आलो आणि तुला ताप आला. चौथ्या दिवशी तू नव्हतीस."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुग्धालाही नाही. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला, रिपोर्ट दाखवला, मी मान डोलावली. मी शिकलेला माणूस आहे, पाण्याचा दाब मला कळतो, डासही कळतो. पण गेले वीस महिने मी रोज ते लिंबू कापतोय.

सोंड मुग्धाचा हात सोडून बॅगेकडे वळते. तंबूचा खांब कलंडतो.

कुमुद माझ्यासमोर उकिडवी बसते. तिच्या केसांतून शिकेकाईचा वास येतो. ती रागावली आहे. माझ्यावर ती क्वचितच अशी रागावायची, मुग्धाला जिन्यावर एकटं सोडलं म्हणून एकदा रागावली होती, तशी.

"मी लिंबू नव्हतं म्हणून गेले नाही," ती म्हणते. "मला डास चावला. तुमचं आपलं काहीतरीच! आणि ते लिंबू मी ठेवायचे ते तुम्ही सगळे सुखरूप घरी यावेत म्हणून. तेच आता पोरीच्या उशाशी हत्ती आणतंय, तर ते कसलं दृष्टीचं? मीच ठेवलं असतं तर मीच काढलं असतं. काढा."

"मग तुझं काय राहील माझ्याकडे?" मी विचारतो. मला रडू फुटतं, खरोखरचं, नाक वाहणारं. "तुझं म्हणून काय नेऊ मी तिथे?"

"मला न्यायचं कशाला? मी बारा वर्षं जाऊनच येत होते, त्या कपाटाच्या दारातून. तुम्ही बघून या. आणि पोरीकडे लक्ष द्या."

मी गाठ ढिली करतो. सुटते. किल्ली फिरते, शर्ट, दुर्बीण, औषधाची पिशवी, सगळं मी जमिनीवर फेकतो, मोजे सापडतात. कुमुद हात पुढे करते. मी लिंबू तिच्या तळहातावर ठेवतो. मंडईत करायची तसं ती त्यात अंगठ्याचं नख रुतवते, रस आहे का बघायला, आणि नाकाशी नेते. वास तंबूभर होतो. कापडाच्या फटीत एक डोळा दिसतो, तपकिरी, लांब पापण्यांचा.

"उठा आता," कुमुद म्हणते. "गाडी येईल."

पंखा कुरकुरतो.

साडेतीन वाजलेत. उशी ओली आहे. स्वयंपाकघरात मुग्धा डबे बंद करते आहे. बॅग पायाशी आहे, कुलूप लागलेलं. मी जानवं चाचपतो. गाठ घट्ट आहे, सकाळी मारली तशीच, दुहेरी. ती सोडायला मला पाच मिनिटं लागतात.

कुलूप उघडतो. घड्या जशाच्या तशा. हात तळाशी घालतो आणि मोजा बाहेर ओढतो. मोजा ओला लागतो. लिंबू त्यातच आहे, हळदीकुंकवासकट. मी ते उजेडात धरतो आणि तसाच बसून राहतो.

"बाबा! बॅग पुन्हा उघडलीत?" मुग्धा दारात उभी आहे, कमरेवर हात. मग तिला माझ्या हातातलं दिसतं. "हे... हे तुम्ही ठेवलं होतंत? तुम्ही?"

"हो. काढलं आता. सरबत कर, दोघं पिऊन निघू."

ती रागावणार असते, पण जवळ येते, लिंबू हातात घेते आणि फिरवून बघते. सालीवर एक छोटी अर्धवट चंद्रकोर आहे. ताजी. कडेने अजून रस झिरपतोय.

"अगदी आईसारखं नख मारलंत हो," ती हळूच म्हणते.

छावणीत हात धुवायला पाणी मोजकं मिळतं म्हणून आज सकाळी मुग्धानेच माझ्यामागे लागून नखं कापायला लावली, पार मांसापर्यंत. मी दोन्ही हात तिच्यासमोर धरतो, बोटं पसरून.