रबरी कडीवरचा रुमाल

सरांच्या हाती पाण्याचा पेला आला, की पिण्याआधी त्यांचा अंगठा पेल्याच्या आतल्या कडेवरून एक फेरी मारून येत असे. लग्नघर असो वा भिगवणचे हमरस्त्यावरचे हॉटेल, अंगठ्याला बुळबुळीत लागले तर ते पेला हळूच खाली ठेवत आणि म्हणत, "पाणी चांगलंय हो, पेल्यात वस्ती झालीय." यजमान रागावत, पण सरांना ते कधी कळले असावे, असे मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकात बारामती तालुक्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. मी पदव्या घेत राहून पस्तिशीत पहिल्यांदा नोकरीला लागलेला त्यांचा सहायक. चारचौघांत बोलायचे म्हटले, की मी दाराकडे सरकत असे. सरांनी मला त्याबद्दल कधी हटकले नाही. दोघांपुरते बोलणे ते एकटेच करीत.

लस्सीच्या नळीच्या सांध्यांत रबरी कड्या असत. कितीही धुतल्या तरी त्यांच्या बारीक भेगांत अपायकारक जंतू चिकट थर करून राहत आणि उन्हाळ्यात लस्सीबद्दल तक्रारी येत. सरांचे म्हणणे असे, की धुतलेल्या कडीवर दह्यातले चांगले जिवाणू आपणच आधी बसवावेत. "बारामती स्टँडवर इंदापूरची गाडी लागली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. तसा हा रुमाल. मागून येणारा बसेल कुठं?" सरांची निवृत्ती जवळ आली होती. संचालकांनी त्याआधी ही पद्धत स्वीकारली नाही, तर त्यांच्यामागे ती कोणी पुढे नेणार नव्हते.

पहिला प्रयोग सफाईच्या हौसाबाईंनी संपवला. सरांनी सकाळी लावलेला जिवाणूंचा लेप त्यांनी दुपारी गरम सोड्याने लख्ख धुऊन टाकला.

"आंबूस वास येत हुता, सर. म्हटलं, पोरांनी कामात अंग चोरलं."

"अहो बाई, माझे रुमाल धुतलेत तुम्ही!"

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय? मला काय सपान पडतंय?"

सर इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या वेळी मात्र हौसाबाईंनी कड्यांजवळ कोणाला फिरकू दिले नाही.

अखेर संचालकांची बैठक भरली. सरांनी कड्यांवरच्या नमुन्यांच्या तपासणीच्या काचेच्या बशा मांडल्या. बहुतेक स्वच्छ होत्या. एकीत अपायकारक जंतूंचे ठिपके उठले होते. सरांनी नेमकी तीच सर्वांत पुढे ठेवली. "इथं जमलं नाही. कडी जुनी, भेग खोल. धुणं सोडता येणार नाही, जुन्या कड्याही बदलाव्या लागतील." मी मनात म्हटले, संपले.

भवानीनगरकडचे ऊसवाले तात्या हे ज्येष्ठ संचालक. त्यांनी विचारले, "ही बशी तुमी लपवली असती, तर आमाला कळलं असतं का?"

"नाही."

"मग दावली कशापायी?"

"लस्सी तुमचीच नातवंडं पिणार, तात्या."

तात्यांनी ती बशी उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "चालू ठेवा. आन् कड्या नव्या घ्या."

निरोपसमारंभ आटोपल्यावर सरांनी शाल पिशवीत कोंबली आणि मला प्रयोगशाळेत नेऊन त्या जिवाणूंच्या विरजणाची बाटली माझ्या हाती दिली. ते जिवाणू रोज ताज्या दुधात घालून जगवावे लागत. "ह्यांना रविवार कळत नाही हं," ते म्हणाले. मला सरांविषयी पुष्कळ बोलायचे होते. तोंडून "बरं, सर" एवढेच आले. त्या दोन शब्दांवर माझे पुढचे सगळे रविवार गेले, आणि फार सुखाचे गेले.