गोचिडीच्या तापाची खोली

"आधी गोठ्यात, मग घरात," असं म्हणतच ते आमच्या दवाखान्यात शिरायचे. पायरीशी थांबून शर्टाच्या बाह्या आणि पँटचे दुमडलेले काठ उलटे करून गोचीड चिकटली नाही ना ते बघायचे, मगच वर यायचे. अंगाला शेणाचा आणि फिनेलचा वास. ते गुरांचे डॉक्टर. चोपडा तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात माणसांवर उपचार होतात, मग यांचं इथे काय काम, असं सगळ्यांना वाटे. मी तिथे सिस्टर होते. मलाही वाटे.

त्यांचं सांगणं एकच असायचं. पूर्वी पौषात शेकोटी सोडवत नव्हती, आता संक्रांतीला पंखा लागतो. थंडी पडत नाही, म्हणून गोचिड्या मरत नाहीत. जनावराला त्यांचा फारसा त्रास दिसत नाही, पण गोचीड चावली किंवा हाताने चिरडली, तर माणसाला एक वाईट ताप येऊ शकतो. हिरड्यांतून रक्त येतं, आणि त्या रक्ताला हात लावणाऱ्यालाही तो ताप लागतो.

"सिस्टर, पहिला पेशंट गोठ्यातून येईल," ते म्हणत. "दुसरा तुमच्यातला असेल."

हे इतक्या शांतपणे सांगत, की आमच्या हातातला चहा तसाच राही.

आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी मागची खोली मोकळी करून घेतली. मोडक्या खाटा स्वतः ओढून बाहेर काढल्या. गाऊन, चष्मे, हातमोजे कुठून कुठून मागून आणले आणि ते घालायचे कसे, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढायचे कसे, हे आमच्याकडून घोटून घेतलं. आमच्या वॉर्डबॉयने विचारलं, साहेब, खोलीत दावणही बांधायची का? ते हसले. म्हणाले, बांधा, पण हातमोजे घालून.

गावोगावच्या पारावर ते बोलायचे. लोक ऐकून घ्यायचे, औषध न्यायचे. तुम्हीही पाहिलं असेल, सगळा मुलुख ज्याचं ऐकतो त्याचं घरात कुणी ऐकत नाही. त्यांची म्हातारी आई गावात एका म्हशीबरोबर राहायची. रोज सकाळी म्हशीच्या कासेच्या गोचिड्या बोटांनी ओढायची आणि नखाने दगडावर चिरडायची. यांनी गोठ्यात औषध मारलं, हातमोजे नेऊन दिले. तिने ते खुंटीला अडकवून ठेवले.

"आख्खा जनम गोचड्या काढ्यात, माले काय व्हई?" ती म्हणे. "डाक्टर व्हशी तुना हापिसमा."

हे ते आम्हाला हसत सांगत.

वैशाखात तिला ताप आला. ऊन लागलं असेल म्हणून तिने कांद्याचा रस चोळला आणि मुलाला कळू दिलं नाही. शेजारणीने फोन केला तेव्हा ते धावत गेले. तोवर हिरड्यांतून रक्त येत होतं.

भर दुपारी त्यांची जीप फाटकात थांबली. मागच्या सीटवर म्हातारी कण्हत होती. मी तशीच पुढे धावले, तर त्यांनी हात आडवा केला.

"माझी आई आहे म्हणून घाई करू नका. आधी गाऊन घाला."

आम्ही गाऊन घालेपर्यंत ती जीपमध्येच होती. मधूनमधून मुलाला "भाऊ, पानी" म्हणत होती. ते उन्हात उभे राहून आमच्याकडे बघत होते. वॉर्डबॉयचा मास्क नाकावरून घसरला होता, तो त्यांनी खुणेने वर करायला लावला. मग मान हलवली. तेव्हाच आम्ही तिला उतरवलं.

त्यांनी तिला उचलून आणलं होतं, म्हणून त्यांनाही शेजारच्या खोलीत वेगळं ठेवावं लागलं. मधल्या खिडकीच्या काचेतून ते आईकडे बघत बसायचे. रक्ताचा नमुना पुण्याला गेला होता. अहवाल यायच्या आत ती गेली. तिला आंघोळ घालता आली नाही, नवं लुगडं नेसवता आलं नाही. कसं गुंडाळायचं, ते त्यांनीच काचेपलीकडून आम्हाला सांगितलं. अहवालात तोच ताप निघाला.

त्यानंतर रोज सकाळी ते खिडकीशी येऊन आम्हा प्रत्येकाचा ताप विचारत. देखरेखीची मुदत संपली त्या दिवशी मी सांगितलं, साहेब, कुणालाही काही झालं नाही. तुम्ही पण सुटलात.

"बरं झालं," ते म्हणाले. मग उठून ते गावाकडे निघाले.

मागे राहिली म्हैस. तिला कुणी विकत घेईना. औषध मारलंय, दूध उकळून प्यालं तर काही होत नाही, असं त्यांनी घरोघर सांगितलं. पारावर त्यांचं ऐकणारे लोक आता दार लोटून घ्यायचे. ते रोज पहाटे गावी जाऊन म्हैस दोहायचे, दूध कुणी घेईना म्हणून ओतून टाकायचे आणि कामावर यायचे.

पुढे त्यांची धुळ्याकडे बदली झाली. निघाले त्या दिवशी त्यांच्या सामानाचा पिकअप आमच्या फाटकासमोरून गेला. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. ते मागे म्हशीजवळ, दावं हातात धरून उन्हात उभे होते. वळणावर गाडी कलली, म्हैस घाबरून रेकली. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि वाकून तिच्याशी काहीतरी बोलले.