टूनाचा डबा

टूनाच्या डब्याची कडी ओढली की टक् असा आवाज होतो, आणि मला कुवेतमधल्या अब्दलीकडची ती शेतवाडी आठवते. थंडीचे दिवस होते. अर्दियातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानातून मी तिथला भोंगा दुरुस्त करायला गेलो होतो. त्या भोंग्यावर लावा पक्ष्यांची साद वाजवतात. ती ऐकून खरे लावे खाली उतरतात आणि जाळ्यात अडकतात. पण अडकलेले पक्षी मांजरं ओढून नेत होती, म्हणून वाडीचा मालक, एक वयस्क कुवेती, वैतागला होता. घर बदलताना, देश सोडताना लोक पाळलेली मांजरं गाडीत घालून तिकडे सोडून येतात. दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्याने बंदूक मांडीवर घेतली आणि टूनाचा डबा उघडला. "ये आवाज से जंगली बिल्ली नहीं आता," तो मला म्हणाला, "घरवाला आता." खरंच, सुकलेल्या झुडपांतून एक पांढरं मांजर शेपटी ताठ उभी करून, ओरडत, सरळ आमच्याकडे धावत आलं. त्याने बंदूक रोखली तरी ते थांबलं नाही. माणसाला घाबरायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. बार झाल्यावर मालकाने तोच डबा खुबुस रोटीबरोबर माझ्यापुढे सरकवला. "खाओ भाई." आता रिग्गईतल्या घरी मुलांसाठी टूना आणतो, पण डबा उघडण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो. खाली कचरापेटीपाशी मांजरं असतात. त्यातल्या एकाच्या गळ्यात अजून पट्टा आहे.