बिनतिखट ठेचा

जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या मराठी पोरांचं बंधुमंडळ एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत जन्मलं, असं ते अजूनही अभिमानाने सांगतात. ती खोली उघडून कोणी दिली, ते सांगत नाहीत. मी दिली. म्हणून आता मी सांगतो.

मी नववीत शाळा सोडली. पुण्यात हॉटेलांच्या भट्ट्यांपुढे उभं राहून हात बसला आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी एका पंजाबी मालकाचा कुक म्हणून इथे आलो. व्हिसा त्या एकाच नोकरीला बांधलेला. मालकाने हाकललं की देशानेही हाकललं. त्यामुळे दारात पोस्टमन दिसला तरी मी आधी पाकिटावर सरकारी शिक्का शोधायचो.

एकदा कढईचा चटका बसला आणि मी मराठीत कचकचीत शिवी घातली. खिडकीपलीकडून आवाज आला, "आईशप्पथ! अजून एक घाला ना, किती दिवसांत ऐकली नाही." तो इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता. बाकीची पोरं त्याला दादा म्हणायची, मीही म्हणू लागलो. व्हिसा वाढवताना माझं काम अडलं, तेव्हा तो माझ्यासोबत आउसलेंडरआम्टला, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात आला. तिथल्या बाईंशी जर्मनमध्ये असा काही बोलला, की बाईंनी शिक्का उचलला. बाहेर येऊन मी त्याच्या पाया पडायला वाकलो. "ए, वेडा झालास का? लोक बघतायत," म्हणत त्याने मला दंडाला धरून उभं केलं. ते उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

सोमवार आमचा रूहेटाग, म्हणजे सुट्टीचा दिवस. मालकाला विचारून मी मागची खोली उघडायचो आणि दादा, त्याचे चार मित्र आणि मी पिठलं-भात खायचो. दादा आधी वर्षभर स्वस्त भाड्यात इथल्या एका विद्यार्थी-मंडळाच्या घरात राहिला होता. तिथली जर्मन पोरं रंगीत टोप्या घालायची, छातीवर पट्टे लावायची, तलवारी खेळायची, बीअरवर शपथा घ्यायची, नव्या पोराला 'फुक्स', म्हणजे कोल्हा म्हणायची आणि प्रत्येक कोल्ह्याला एक मोठा भाऊ नेमून द्यायची.

"आपण पण काढू असं मंडळ," दादा म्हणाला. "फक्त तलवारी नकोत."

"आणि बीअर?"

"बीअर पिऊन कोण मराठी ठरतं रे? ठेचा! भाऊ, कुटणार ना?" हे मला. तेव्हा सगळे मला भाऊ म्हणायचे.

मग प्रथा पडली. नव्या पोराने भाकरीबरोबर मूठभर ठेचा खायचा, पाणी मागायचं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या की ज्याच्या हातून तो पाणी घेईल, तो त्याचा मोठा भाऊ. मग त्याच्यासोबत सरकारी ऑफिसांत जाणं, खोली शोधून देणं, परीक्षेत बुडला तर धीर देणं, सगळं त्या मोठ्याने करायचं. पहिल्या सोमवारी आम्ही सगळ्यांनीच खाल्ला. मला पाणी दादाने दिलं. घरापासून इतक्या लांब मला कोणीतरी मोठा भाऊ मिळाला, या आनंदात मी दोन दिवस तरंगत होतो.

मंडळ वाढलं. दर सेमिस्टरला नवे कोल्हे यायचे, ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या घेऊन. शिकून झालेले गेर्लिंगेनला, इंगोलश्टाटला मोठ्या कंपन्यांत नोकरीला लागले आणि गाड्या घेऊन भेटायला येऊ लागले. आता सोमवारी मीटिंगा व्हायच्या. अशाच एका मीटिंगला मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो, तेव्हा नियम ठरत होता: सभासद म्हणजे जर्मन विद्यापीठात शिकणारा किंवा शिकलेला.

कोणीतरी म्हणालं, "मग शेफचं काय?"

"शेफना कसला नियम? शेफ तर आपलेच आहेत!"

सगळे हसले. चहा पटापट उचलला गेला. दादा कपातल्या चहात बघत बसला. मला ऐकू आलेला तो पहिला 'शेफ'. पुढच्या महिन्यात मरून रंगाच्या टोप्या शिवून आल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक, मला नाही. त्या दिवसापासून मी खुर्चीवर बसलो नाही आणि दादाला 'अरे' म्हणालो नाही. 'अहो दादा', 'घ्या ना दादा'. त्याला ते टोचावं अशी माझी इच्छा होती. त्याला टोचलं नाही. बहुतेक त्याला तो मान वाटला.

मग मंडळाचा वर्धापनदिन आला. रविवारची दुपार, आमचंच रेस्टॉरंट, पाहुणे म्हणून दादा आधी राहायचा त्या विद्यार्थी-मंडळाचे दोन वयस्क जर्मन साहेब, आणि सर्वांसमोर तीन नव्या कोल्ह्यांची शपथ. "शेफ, ठेचा असा पाहिजे की साहेब बघत राहिले पाहिजेत," असा निरोप आला.

जहाल करून पोरांची तोंडं पोळवणं सोपं होतं. पण त्याने त्यांचाच मान वाढला असता. मी तुर्की दुकानात गेलो आणि लांब हिरव्या मिरच्या घेतल्या, त्या गोड असतात, भाजी म्हणून खातात. लसूण, जिरं, दाण्याचं कूट, सगळं नेहमीसारखं. वास तोच, रंग तोच. कुटताना मला इतकं बरं वाटत होतं, की मी गुणगुणत होतो.

दादाने भाषण केलं. "आम्ही पाच जण होतो," म्हणाला. सहावा मी, भाकऱ्यांचं ताट धरून त्याच्या मागेच उभा होतो.

मग शपथ. तिघांनी डोळे मिटून मूठ तोंडात टाकली. सगळे टाळ्या वाजवत ओरडायला लागले. मोठे भाऊ पाण्याचे ग्लास घेऊन वाकून उभे. पोरं चावत राहिली. एकाने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "अजून आहे का?" टाळ्या विस्कटल्या. एका साहेबांनी चमचाभर चाखून बघितला. "लेकर," म्हणाले, म्हणजे छान आहे, आणि आपल्या बायकोसाठी थोडा मागितला. पाण्याचे ग्लास तसेच हातात. इंगोलश्टाटचा एक जण मोठ्याने म्हणाला, "ही कोशिंबीर खाऊन भाऊ व्हायचं का?" आणि खोली हसून हसून कोसळली.

दादा किचनमध्ये आला. कान लाल.

"तू मुद्दाम केलंस."

"काय हो?"

"शेफ, प्लीज."

"साहेबांना झेपावा म्हणून सौम्य केला."

"आउसलेंडरआम्टला तुझ्याबरोबर कोण आलं होतं, विसरलास?"

"नाही ना. म्हणून तर मीठ बरोबर घातलं."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "टोपी पाहिजे का तुला? सरळ सांग. मीटिंगमध्ये मांडतो मी."

हेच तर ऐकायला मी इतके महिने ताटं उचलत होतो. पण मीटिंगमध्ये!

"मला पाणी दिलंत, तेव्हा मीटिंग घेतली होती का?" मी विचारलं. "नको टोपी. आणि सोमवारची खोलीही आता मिळणार नाही. रूहेटाग आहे, मला झोपायचं असतं."

ते विद्यापीठातल्या कुठल्यातरी खोलीत गेले. ठेचा बंद पडला. कुटायला कोण होतं? आता म्हणे शपथ बीअरवर घेतात. ऐकलं तेव्हा मी स्वतःसाठी शिरा केला.

मंडळ मात्र वाढतच गेलं. आणि माझी झोप उडाली, कारण दादा मालकाला एक शब्द जरी बोलला असता, तर माझी बॅग भरली गेली असती. तो बोलला नाही. पुढच्या वेळी व्हिसाची तारीख आली, मी आउसलेंडरआम्टच्या बाकावर फाईल छातीशी धरून बसलो होतो, तर हा समोरून आला. मी बोलावलं नव्हतं. मालकाकडून कळलं असणार. शेजारी बसला, नंबर आला तसा उठला, बाईंशी बोलला, शिक्का मिळाला. ठेच्याचा विषय नाही, टोपीचा नाही. बाहेर येऊन घड्याळ बघत म्हणाला, "चल, माझी ट्राम आहे."

मला थँक्यू म्हणावंच लागलं. म्हणताना आवाज कापला. रागाने. त्याला काय वाटलं असेल, कोण जाणे.