जारच्या पाण्याची बाटली

नातीचे ओठ जांभळे पडले, मग नखंही. दोन महिन्यांचं पोर, रडायचंही थांबलं. सून ओरडली, "आत्याबाई, पोरगी काळी पडायलीय!" पालमहून जीप करून आम्ही परभणीचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. ते काकवीसारखं दिसत होतं.

"बाळाचं दूध कशात कालवता?"

बाळंतपणानंतर सुनेला ताप आला होता, अंगावरचं दूध आटलं होतं. डब्यातली पावडर चालू होती.

"बोरच्या पाण्यात," मी म्हणाले. "पण लय उकळून. अर्धं होईस्तोवर."

"आजी, उकळून जंतू मरतात, खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. तान्ह्याचं रक्त त्यानं बिघडतं."

सून मध्येच बोलली, "म्याडम, आमचं पाणी तपासलेलं हाय. चांगलं हाय म्हून कागद आलाय."

तो कागद कसा आला, ते मला ठाऊक होतं.

आदल्या वर्षी जावेच्या विहिरीच्या पाण्यात हेच नायट्रेट निघालं. कुणी पिऊ नये म्हणून विहिरीवर लाल रंग मारला. मी चारचौघींत तिला म्हणाले, "तुझ्या हिरीला कुंकू लावलं की गं!" सगळ्या हसल्या. पुढच्या वर्षी आमच्या बोरची पाळी आली. बोरला लागूनच आमच्या मेंढरांचा वाडा आणि लेंडीखताचा ढीग. काय निघणार याची मला धास्ती होती. नातीच्या बारशाला आणलेल्या विकतच्या जारात पाणी उरलं होतं. तपासणीवाली बाई अंगणात चहा पीत होती. मी आत जाऊन तिची बाटली जारच्या पाण्यानं भरली आणि बोरची म्हणून दिली.

दवाखान्यात हे मी खाली बघत सांगितलं.

"तुमी जारचं पाणी दिलं?" सून एवढंच म्हणाली. माझ्या हातातली दुधाची बाटली तिनं काढून घेतली.

पोरीच्या शिरेतून निळं औषध सोडलं. आधीच निळी पडलेली, त्यात हे निळं. मला वाटलं, संपलं. तासाभरात ओठांवर रंग आला.

गावी परतल्यावर बोरला लाल रंग मीच मारला. जाऊ बांधावर उभी राहून बघत होती. "हळद आणू का गं?" म्हणाली. मग तिनं रंगाचा डबा धरला आणि खालची बाजू मी रंगवली.

खताचा ढीग लांब नेला. पाणी अजून तसंच आहे. नातीचं दूध सून जारच्या पाण्यात करते, मला करू देत नाही.

नात जगली. परवा ती पहिलं पाऊल टाकून पडली.